फूटपाथ चकाचक, खराटा मात्र त्याच हातात!

चौदा एप्रिलची रात्र सरली होती. मिरवणूक पुतळ्यापाशी विसर्जित होऊन, डीजे बंद होऊन तीन-चार तास झाले असतील. मला पहाटेच्या गाडीने नागपूरला हायकोर्टात जायचे होते, म्हणून बॅग घेऊन चौकातून पायीच स्टेशनकडे निघालो. रस्त्यावर आणि दोन्ही बाजूंच्या फूटपाथवर निळ्या गुलालाचा थर साचलेला. त्यात पाण्याचे पाऊच, द्रोण-पत्रावळी, कागदी ग्लास, फटाक्यांचा कचरा. दुकानांच्या ओट्यांपर्यंत सगळे पसरलेले. आणि त्या पसाऱ्यात चार बाया खराटे घेऊन वाकलेल्या. त्यांतल्या एकीने मला ओळखले. तिच्या मुलीच्या फारकतीची केस मी चालवली होती. तिने खराटा काखेत धरला आणि जयभीम केला. मी म्हणालो, 'मावशी, काल जयंतीत दिसला नाहीत?' ती म्हणाली, 'सायेब, जयंती तुमची झाली. आमाले काल बी सुट्टी नव्हती, अन् आज बी नाही. आज तं दोन तास आंधी बलावलं.'

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हतेच. गाडीत बसल्यावर मात्र ते वाक्य उतरेना.

शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ती बाई अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला आहे. वऱ्हाडातले एक शहर, एवढे पुरे. मावशी बौद्ध आहे, विधवा आहे. नवरा जिनिंगमध्ये हमाल होता. तिच्या जोडीला झाडणाऱ्या दोघी वाल्मीकी समाजाच्या, चौथी मातंग समाजाची. चौघींचा पगार मुकादमाच्या हातून रोखीने होतो. पगाराची पावती त्यांनी कधी पाहिली नाही. भविष्य निर्वाह निधीचा नंबर विचारला तर मुकादम हसतो. बाजाराचा फूटपाथ झाडणाऱ्या या चार हातांचे नाव कोणत्या मस्टरवर आहे, हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही.

आता दुसरे चित्र पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या स्वच्छ वायु सर्वेक्षणाचा निकाल लागला आणि तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांमध्ये आपली अमरावती देशात पहिली आली. ७५ लाख रुपयांचे बक्षीस मिळाले. वऱ्हाडच्या माणसाला याचा अभिमान वाटला पाहिजे आणि मलाही तो वाटला. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला ही दोन्ही नावे होती. तिथून पहिल्या नंबरावर येणे ही साधी गोष्ट नाही.

पण या सर्वेक्षणात गुण कशाचे मिळतात? कारखान्याचा धूर, वाहनांचा धूर, कचरा जाळणे, आणि रस्त्यावरची धूळ. ही धूळ कमी कशी होते? काही ठिकाणी यंत्राने, पाण्याच्या फवाऱ्याने. पण बाजारपेठेच्या बोळांत, दुचाक्या लावलेल्या फूटपाथवर, जिथे यंत्राचे चाकच शिरत नाही, तिथे ती धूळ खराट्याने निघते. आणि खराट्याने निघालेली धूळ आधी झाडणाऱ्याच्या छातीत जाते. हवा मोजणारे यंत्र एका जागी उभे असते. झाडणारी बाई धुळीच्या मधोमध चालत असते. ती काय श्वासात घेते, हे कोण मोजतो? शहराची हवा सुधारली म्हणून बक्षीस मिळाले, ही आनंदाची गोष्ट. ज्यांनी आपल्या छातीची चाळणी करून ती सुधारली त्यांना त्यातून किमान एक चांगला मास्क आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी मिळावी, ही मागणी आपल्यापैकी कोणी केली? मीही केली नाही. आज करतो आहे.

बाजारपेठेच्या सफाईचे खूळ नवे नाही. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. २०१६ पासून शहरांचे स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले. वस्तीत एकदा आणि बाजारपेठेत दोनदा झाडलोट, शिवाय रात्रीची सफाई, अशा गोष्टींना त्यात गुण ठेवले गेले. मग महापालिकांनी बाजाराकडे धाव घेतली. अमरावतीत जवाहर गेट, सक्करसाथ, इतवारा, राजकमल ते जयस्तंभ. अकोल्यात टिळक रोड, गांधी रोड, ताजनापेठ, जनता भाजी बाजार. शहराचा चेहरा म्हणजे बाजार, आणि बाजाराचा चेहरा म्हणजे फूटपाथ! तपासणीला पथक येते तेही इथेच. आमच्या वस्त्यांतल्या नाल्यांकडे पथक येत नाही, म्हणून तिथला खराटाही बाजारात वळवला जातो. भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावे असलेल्या कोणत्याही वस्तीत सकाळी दहा वाजता जा आणि त्याच वेळी मुख्य बाजारात जा. फरक डोळ्यांना दिसेल, त्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही.

आणि आपल्याकडे फूटपाथ म्हणजे तरी काय? वऱ्हाडातल्या जुन्या बाजारात फूटपाथ म्हणजे बहुतेक ठिकाणी नालीवर टाकलेली फरशी. खाली नाली, वर फरशी, फरशीवर दुकानदाराने पुढे काढलेला ओटा, ओट्यावर पुतळ्याला नेसवलेली साडी. तो फूटपाथ साफ करायचा म्हणजे नुसता खराटा फिरवून भागत नाही. फरशी उचलावी लागते, खालचा गाळ फावड्याने घमेल्यात घ्यावा लागतो. फरशी सिमेंटने पक्की केलेली असली तर हात खाली घालावा लागतो. त्या गाळात काय काय असते, हे लिहून सकाळी सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा चहा बिघडवत नाही. एवढेच सांगतो की हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मैला वाहून आणणाऱ्या उघड्या नालीत हात घालायला लावणे त्याच कायद्याच्या व्याख्येत बसते. दुकानदार म्हणतो, नाली साफ करून द्या. महापालिका म्हणते, ठेकेदार करील. ठेकेदार म्हणतो, मुकादमाला सांगा. हात घालते मावशी.

बाजार घाण कोण करतो, हेही बघू. पहाटे सहाला बाया झाडून जातात. दहा-साडेदहाला शटर वर जातात. पोऱ्या दुकान झाडतो. खोक्यांचे पुठ्ठे, प्लास्टिकच्या पट्ट्या, कालच्या पूजेची फुले, सगळे दाराबाहेर लोटून फूटपाथवर ढकलतो. अर्ध्या तासात बाजार जसाच्या तसा! मग दुकानदारांची संघटना निवेदन देते की सफाई होत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दुकानदारावर स्पष्ट बंधन घातले होते की कचरा रस्त्यावर टाकायचा नाही, वेगवेगळा करून द्यायचा, आणि सेवेचे शुल्कही भरायचे. पण दंडाची पावती हातगाडीवाल्याच्या हातात जितक्या लवकर पडते तितक्या लवकर शटरवाल्याच्या हातात पडलेली मी तरी पाहिली नाही.

कॅनडातील टोरांटो शहरात १९७० साली ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाच्या पेठेतील व्यापाऱ्यांनी स्वतःवर जादा कर बसवून घेऊन आपल्या पेठेची सजावट आणि देखभाल सुरू केली. पुढे ही पद्धत अमेरिकेत आणि जगभर पसरली. अशा पेठांत फूटपाथ झाडणाऱ्या माणसाचा पगार त्या जादा करातून निघतो. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. बेघर माणसाला फूटपाथवरून हुसकावण्यासाठी त्याच पैशाने पहारेकरी ठेवले जातात, अशी टीका तिथे होते. पण एक गोष्ट तिथे मान्य आहे की ज्याचा नफा त्या फूटपाथवरून चालत येतो त्याने सफाईचा खर्च उचलावा. आपल्या व्यापाऱ्याला हे कोणी सांगायला गेले की तो म्हणतो, आम्ही मालमत्ता कर भरतो. भरतो ना? मग घरकाम करणाऱ्या आमच्या बायाही त्यांच्या दोन खोल्यांचा कर भरतात!

हे झाले पैशाचे. पण या देशात झाडू हा पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. तो जन्माचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित न झालेले एक लिखाण महाराष्ट्र शासनाने १९८९ साली इंग्रजी खंड ५ मध्ये छापले. भारताच्या वेठवाड्यातील मुलांबद्दलचे ते लिखाण आहे. त्यात बाबासाहेबांनी संयुक्त प्रांताचा १९१६ चा नगरपालिका कायदा दाखवला आहे. परंपरेने घरसफाई करणाऱ्या भंग्याने काम नीट केले नाही तर त्याच्याविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येत असे आणि त्याला दंड होत असे. म्हणजे काम सोडणे हा गुन्हा! दुसऱ्या कोणत्या जातीला काम सोडल्याबद्दल मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले गेले? वकिली शिकताना मला करारभंगाचे दिवाणी परिणाम शिकवले होते. हा फौजदारी परिणाम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तो बाबासाहेबांनी दाखवला. गांधीजी सफाईच्या कामाला थोर म्हणत होते, तेव्हा बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले की इथे माणूस कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. ब्राह्मणाने हजारदा झाडले तरी तो ब्राह्मणच राहतो.

आणि बाबासाहेब नुसते लिहून थांबले नाहीत. १९३५ साली मुंबईत त्यांनी म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. त्यात झाडू मारणारे आमचे बांधव होते. ज्या काळात आपण फक्त महाड, काळाराम आणि पुणे करार आठवतो, त्याच काळात ते पालिकेच्या सफाई कामगाराचा पगार, रजा आणि घर या प्रश्नांवर उभे होते. आपल्या भाषणांमध्ये म्युनिसिपल कामगार संघ किती वेळा येतो? स्वतःलाच विचारा.

वऱ्हाडच्या मातीत तर झाडूचा आणखी एक माणूस होऊन गेला. संत गाडगेबाबा! १८७६ साली याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी. गावात शिरताना हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाच्या डोक्यातली घाण काढायची. बाबासाहेबांवर त्यांचा जीव होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, आणि बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनीही देह ठेवला. २००० सालानंतर सरकारने त्यांच्या नावाने गावांचे आणि मग शहरांचे स्वच्छता अभियान काढले. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले. नाव घेतले, चित्र लावले. पण गाडगेबाबांच्या खराट्यात जे होते ते मात्र बाजूला काढून ठेवले. गाडगेबाबा खराटा घेऊन पाटलाच्या वाड्यासमोर झाडायचे, तेव्हा पाटलाला लाज वाटून तो खाली उतरायचा आणि झाडू लागायचा. घाण ज्याची त्याने काढायची, हा तो धडा होता. आजच्या अभियानात पुढारी नवाकोरा झाडू घेऊन आधीच झाडलेल्या फूटपाथवर उभा राहतो, फोटो निघतो, आणि फोटोच्या चौकटीबाहेर मावशी उभी असते. तिला बाजूला हो म्हणून सांगितलेले असते.

अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये मोर्णा नदीच्या सफाईची लोकमोहीम निघाली. हजारो लोक नदीत उतरले, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उल्लेख केला. मी त्या मोहिमेची टिंगल करणार नाही. शाळेची पोरे, बायका, डॉक्टर, वकील चिखलात उतरले, हे चांगलेच झाले. पण शनिवारी नदीत उतरलेला माणूस घरी जाऊन आंघोळ करतो आणि सोमवारी ऑफिसला जातो. त्याला कोणी नदीवाला म्हणत नाही. रोज नाली उपसणाऱ्याला मात्र त्याचे काम चिकटते आणि त्याच्या पोरालाही चिकटते. जगात दुसरीकडेही हे झाले आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले. तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर एवढेच लिहिले होते की मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्या शहरात गेले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथेच त्यांचा खून झाला. एवढा मोठा नेता झाडूवाल्यांच्या संपात मेला. आपल्या किती नेत्यांनी सफाई कामगारांच्या ठिय्यावर एक रात्र काढली आहे?

आता माझ्या धंद्याकडे, म्हणजे कायद्याकडे येतो. वाचकांनी थोडे सबुरीने घ्यावे, कारण खरी मेख इथेच आहे.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्यातल्या कलम १० खाली डिसेंबर १९७६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांत झाडलोट, सफाई आणि पहारा या कामांना ठेकेदारी बंद करणारी अधिसूचना काढली. १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की ठेकेदारी बंद झाली की तो कामगार आपोआप मूळ मालकाचा कामगार होतो. पाच वर्षेही झाली नाहीत तोच, ऑगस्ट २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल उलटवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. तेव्हापासून मार्ग एकच उरला. ठेका हा नुसता देखावा आहे, कागदी बुरखा आहे, हे पुराव्याने सिद्ध करायचे. मुंबईच्या २७०० कचरा कामगारांनी ते करून दाखवले. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात महापालिका हरली. या लढाईला कितीतरी वर्षे गेली. त्यात कित्येक कामगार म्हातारे झाले, काही मेले. पण जिंकले! कागद जपणारी, चिकाटीची युनियन होती म्हणून जिंकले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा त्यांच्या पोटात गेला. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५७ ने आस्थापनेच्या मूळ कामात ठेकेदारी मना केली आहे. वाचून बरे वाटते. पण मूळ काम म्हणजे काय, त्याची व्याख्या बघा. सफाई, झाडलोट, सगळ्या प्रकारचा कचरा गोळा करणे ही कामे मूळ काम नव्हेत, असे तिथे लिहून ठेवले आहे. पहिल्याच नंबरावर सफाई! ठेकेदाराला दार सताड उघडे. आमच्या विरोधकांनी आणि काही आमच्याही कार्यकर्त्यांनी हे वाचून हात टेकले.

मी टेकत नाही. कारण त्याच व्याख्येत एक छोटी अट आहे. ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर, अशी ती अट आहे. कापड गिरणी झाडण्यासाठी स्थापन झालेली नसते. बँक झाडण्यासाठी स्थापन झालेली नसते. महापालिका कशासाठी स्थापन झाली आहे? अमरावती महापालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची, आणि दोघी चालतात १९४९ च्या महानगरपालिका कायद्याने. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. करीन वाटले तर करीन, अशी नव्हेत, केलीच पाहिजेत अशी. आणि त्यात अगदी वरच्या बाजूला सार्वजनिक रस्ते व जागा झाडणे, साफ करणे आणि केर उचलणे हे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही सार्वजनिक स्वच्छता आणि घनकचरा आहे. म्हणजे फूटपाथ झाडणे हे महापालिकेचे अवांतर काम नाही, ती ज्यासाठी जन्मली ते काम आहे. सुप्रीम कोर्टाने १९६० साली नागपूर महापालिकेच्या कामगारांच्या खटल्यात सफाई पाहणारा आरोग्य विभाग उद्योग ठरवला होता, तोही आपल्याच विदर्भातला खटला. ही अट धरून महापालिकेच्या झाडलोटीतील ठेकेदारीला आव्हान देता येते, असे माझे मत आहे. कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट म्हणेल. पण मुद्दा मांडलाच नाही तर कोर्ट काहीच म्हणणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. संहितेप्रमाणे सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर बाईला कामावर बोलवायचे तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. आमच्या मावशा पहाटे चारला बाजारात उभ्या असतात. रात्रीची सफाई सुरू झाली तर रात्री दहानंतर. कोणाची संमती घेतली? त्यांना आणायला गाडी? बाजारात जायला एक मुतारी? पुरुष भिंतीकडे तोंड करतो, बाई आठ तास पाणी पीत नाही. हे मला मावशीने सांगितले नाही, तिच्या सोबतच्या वाल्मीकी बाईने सांगितले. सांगताना ती दुसरीकडे बघत होती.

फूटपाथ साफ करण्याचा दुसरा अर्थ इथे ओझरता का होईना सांगितलाच पाहिजे. 'फूटपाथ मोकळा करा' असा हुकूम निघाला की गाडी येते ती आधी चप्पल शिवणाऱ्या चर्मकार बांधवाची पेटी उचलायला, भाजीवाल्या बाईचे टोपले उचलायला. दुकानाचा तीन फूट पुढे आलेला ओटा तिथेच राहतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नोटीस आली की धावत वकिलाकडे या, गाडी येऊन गेल्यावर नको. या विषयावर स्वतंत्र लिहीन.

आता थोडे घरातले. पत्र आपले आहे, वाचक आपले आहेत, म्हणून आपल्याच पाठीवर कोरडा ओढतो.

बाबासाहेबांनी आम्हाला गावकीची घाण कामे सोडायला सांगितली आणि आमच्या बापजाद्यांनी उपाशी राहून ती सोडली. त्या पिढीला शतशः नमन. पण आम्ही टाकलेला खराटा जमिनीवर पडून राहिला नाही. तो कोणीतरी उचलला. वाल्मीकी, मेहतर, सुदर्शन समाजाचे लोक आमच्याच गल्लीच्या पलीकडे राहतात. त्यांच्या वस्तीत आपण जयंतीची वर्गणी मागायलाही जात नाही. रोटीबेटी तर दूरच. आणि आता पन्नास वर्षांनी ठेकेदाराच्या मार्गाने तोच खराटा आमच्या विधवा, टाकलेल्या, कर्जबाजारी बायांच्या हातात परत आला आहे. वर सांगितलेल्या चार बायांत एक बौद्ध आहे, हे ऐकून आपल्या एका अधिकारी मित्राने मला विचारले, 'आपली बाई? नक्की?' जणू वाल्मीकी बाई असती तर चालले असते! केंद्राने २०२४ मध्ये देशभरातील सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची नोंद जाहीर केली, तेव्हा त्यातले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गाचे निघाले. या आरक्षणाविरुद्ध कधी मोर्चा निघाला नाही, निघणारही नाही.

लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून कायम सफाई कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळते. २०२३ मध्ये शासनाने त्याचा सुधारित निर्णय काढला. यावर आपल्यात दोन मते आहेत. एक म्हणते, हा हक्क आहे, याला हात लावू नका. दुसरे म्हणते, ही जातीची साखळी सरकारने शिक्का मारून पोराच्या पायात घातली आहे. मला दोन्ही मते खरी वाटतात आणि म्हणूनच त्रास होतो. पक्का पगार, घरभाडे, पेन्शन सोडून दे असे त्या पोराला सांगण्याचा अधिकार मला नाही, माझा मुलगा इंजिनिअर होतो आहे. पण एक नक्की की ठेक्यावरच्या मावशीच्या पोराला यातला हक्कही नाही आणि जातीची साखळी मात्र आहे.

म्हणून येत्या जयंतीचे नियोजन करणाऱ्या उत्सव समित्यांना माझी विनंती आहे. डीजेच्या बजेटातून थोडी रक्कम बाजूला काढा. मिरवणूक संपल्यावर चौक आणि दोन्ही बाजूंचे फूटपाथ आपल्याच पोरांनी झाडायचे, रात्रीच. पांढरी कपडे घातलेल्या पुढाऱ्यांनीही. फोटो काढायचा नाही. आणि पंधरा एप्रिलला त्या चौकातल्या बायांना भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून आयुक्तांना निवेदन महिनाभर आधी द्यायचे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या शहरात हेही करावे. सफाईच्या ठेक्याची एकूण रक्कम काढावी. तिला माणसांच्या संख्येने आणि महिन्यांनी भागावे. येणारा आकडा किमान वेतनापेक्षा कमी असला, तर निविदा उघडली त्याच दिवशी चोरी ठरली होती असे समजावे, मग मुकादम कितीही साधा असो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे महापालिकेची असते. हे जुन्या कायद्यात होते, नव्यातही आहे. पन्नासच्या आत माणसे दाखवून ठेक्याचे तुकडे पाडले असतील तर सगळ्या ठेक्यांतली माणसे एकत्र मोजून दाखवावीत. वैयक्तिक माहितीचे कलम दाखवून नावे नाकारली जातील. तेव्हा संख्या, एकूण रक्कम आणि निधीच्या चलनांच्या प्रती मागाव्यात, आणि प्रत्येक कामगाराकडून त्याच्या स्वतःच्या नोंदीचा अर्ज करून घ्यावा.

मावशीला मी परत भेटलो. आधी ती अर्जाला तयार नव्हती, काम जाईल म्हणाली. माझ्याकडे त्यावर ठोस उत्तर नव्हते आणि मी खोटा धीर दिला नाही. आठ दिवसांनी त्या चौघी मिळूनच आल्या. चौघींनी मिळून अर्ज केला तर एकीला काढणे जड जाईल, हे त्यांचे त्यांनीच ठरवले होते. चार अर्ज टाकले आहेत, मस्टरची नोंद, मजुरीचा हिशेब आणि निधीचा क्रमांक मागितला आहे. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते याच जागी छापायला देईन.

जयभीम.